अक्काचं वय चुकीचं छापलंय

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार, पुणे

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात निधनवार्तेच्या कॉलममध्ये आमच्या आजीबद्दल, म्हणजे अक्काबद्दल, चार ओळी आल्या. वय ९६, अल्पशा आजाराने निधन, पश्चात तीन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडं, सात पतवंडं, आणि शेवटी ते नेहमीचं, सेवानिवृत्त अमुक अमुक यांच्या त्या मातोश्री होत. छापलंत त्याबद्दल आभार, मजकूर आमच्याच चुलतभावाने व्हॉट्सअॅपवर पाठवला होता त्यामुळे सगळा दोष तुमच्या माथी मारत नाहीये, पण त्यात वय चुकलंय आणि आजारही चुकलाय. आजार काही नव्हताच. दुपारी वरणभात खाल्ला, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं, त्यात पाणी घातलं (खरकटं वाळलेलं तिला चालायचं नाही), पडते जरा म्हणाली आणि चार वाजता आईने चहाला हाक मारली तेव्हा उठली नाही. याला अल्पसा आजार म्हणत असतील तर म्हणोत.

वयाचं मात्र मी सोडणार नाही. चार वर्षांचा फरक आहे, आणि अक्काने स्वतः मला सांगितलं होतं की मी गेल्यावर तरी बरोबर लिहा रे. तेव्हा हे पत्र म्हणजे तिच्या वयाचा हिशेब आहे, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी चूक कुठून आली ते सांगतो. आजोबा सासवडला प्राथमिक शाळेत मास्तर होते, ते १९९४ ला गेले. फॅमिली पेन्शनच्या कागदावर क्लार्कने विचारलं आईचं वय किती, थोरले काका म्हणाले लिहा पासष्ट. झालं. पासष्ट हा आकडा काकांना गोल वाटला म्हणून. त्यावरून पुढे सगळीकडे तेच लागत गेलं, मग आधार कार्ड आलं त्याच्यावर ०१/०१/१९२९, आणि आपल्याकडे एकदा आधारवर छापलं की ब्रह्मदेवाला पण बदलता येत नाही. अक्का काकांना शेवटपर्यंत ऐकवायची, लोकांची पोरं आईचं आयुष्य वाढावं म्हणून नवस बोलतात, तू एका सहीत चार वर्षं वाढवलीस.

तिला स्वतःला साल माहीत नव्हतं पण दिवस माहीत होता. भोगीचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघर ती मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते ना, लहानपणी तिला वाटायचं हे सगळं आपल्या वाढदिवसासाठी चाललंय, आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत वाटत होतं म्हणे. साल मात्र ती तारखेने कधीच सांगायची नाही, तिची कालगणना वेगळी होती. गांधी गेले ते वर्ष, पानशेतचं वर्ष, सुकडीचं वर्ष (म्हणजे ७२ चा दुष्काळ). आता यातून मी काढलेलं गणित असं.

तिचं लग्न १९४८ ला झालं. माघात ठरलं होतं पण ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला आणि मग आपल्या भागात गावोगाव जाळपोळ झाली, कुणाला कार्याचं सुचतंय, ते वैशाखावर गेलं. वैशाखात ती वाईजवळच्या माहेराहून सासवडला आली. त्याच सुमाराला, १ जूनला, पुणे ते नगर पहिली एसटी सुटली, आणि हे कळल्यापासून ती सगळ्यांना सांगत सुटायची की मी आणि एसटी एकाच वर्षी घराबाहेर पडलो, आणि दोघी अजून खडखडत का होईना चालतोय. तेव्हा वय काय होतं तर तिचे शब्द, "पंधरा सरून सोळावं लागलं होतं, परकर सोडून चारच महिने झालेले, नऊवारीत पाय अडकून सासूबाईंच्या अंगावर पडले." १९४८ मधून पंधरा वजा करा. १९३३.

हा झाला तिच्या तोंडचा पुरावा, कोर्टात टिकायचा नाही. दुसरा बघा. देशातली पहिली निवडणूक, १९५१-५२ ची. सासूबाई मत द्यायला गेल्या, शेजारच्या दोन बायका गेल्या, अक्का घरी. का तर तेव्हा मतदानाला एकवीस पूर्ण लागायची (अठराचं फार नंतर झालं, १९८९ ला) आणि हिचं नावच यादीत नव्हतं. कागदावरचं १९२९ खरं असतं तर ती मत देऊन आली असती. घरी बसून ती सगळ्यांसाठी पुरणाचा स्वैपाक करत होती आणि रागाने पुरणात गूळ जास्त पडला, हे पण तिला आठवत होतं.

याच निवडणुकीची एक गोष्ट मी मध्ये वाचली ती इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गाळावी लागली होती, बहुतेक उत्तरेकडच्या, कारण त्यांनी आपलं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. आणि निवडणूक आयोगाने सांगितलं असं चालणार नाही, नाव पाहिजे. तुमच्या निधनवार्तेत मात्र ते सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी अजून चालतं. अमुक यांच्या मातोश्री. सासवडात जाऊन विचारा, आमच्या काकांना कोण कधी सेवानिवृत्त झालं म्हणून ओळखत नाही, अंजिरवाल्या अक्कांचा मुलगा म्हणून ओळखतात.

आता अंजिराचं सांगायलाच पाहिजे. मास्तरांच्या पगारात भागायचं नाही, दिवे गावाच्या बाजूला तुकडाभर जमीन होती, त्यात तीस-बत्तीस अंजिराची झाडं. आजोबांना शेतीतलं कळायचं नाही (ते कबूलही करायचे), बाग अक्काची. पावसाळ्यात येतो तो खट्टा बहार आणि उन्हाळ्यात मीठा, खरा पैसा मिठ्या बहाराचा. अंजीर काढायचं पहाटे, ऊन चढायच्या आत, देठ मोडला की पांढरा चीक येतो आणि तो बोटांना लागला की कातडी जळते. खोबरेल चोपडून गेलं तरी जळतेच. मी सातवीत असताना हौसेने एकदा तिच्याबरोबर गेलो होतो, तास-दीड तासात बोटांच्या बेचक्यात आग आग व्हायला लागली, रडवेला झालो, तर तिने तिचे हात दाखवले. बोटांची टोकं गुळगुळीत, रेघच नाही, पाटा घासून घासून कसा होतो तसं. मग पाट्यांत पाला घालून अंजीर रचायचं आणि पहिल्या गाडीने दिवे घाट उतरून मंडई. तीस-पस्तीस किलोमीटर, पाटी मांडीवर, कारण खाली ठेवली तर गचके बसून फळ फुटतं. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीला गेला तरी ती मंडईच म्हणायची. २०१६ ला पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेपर घेऊन गेलो, म्हटलं अक्का बघ, तर चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाली, चिकाबद्दल काही लिहिलं नाही.

हे बोटांचं यासाठी सांगितलं की दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की भागायचं, मग मशीन आलं. अंगठा ठेवा. ठेवला. मशीन म्हणतंय जुळत नाही. दुसरा ठेवा. दहाच्या दहा बोटं झाली, हात धुवून झाले, पुसून झाले, बँकेतला मुलगा बिचारा घामाघूम, आणि अक्का खुर्चीत बसून शांतपणे म्हणते, "अरे मी तुझ्यासमोर बसलेय, पाणी मागितलं ते तूच आणून दिलंस, आणि हे डबडं म्हणतंय मी नाही?" शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं, ते पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा सोडून दुसऱ्यावर. तेव्हा ती घरी येताना गाडीत म्हणाली होती, वय खोटं ते लगेच खरं धरलं, आणि बोटं खरी ती धरेना.

तिसरा पुरावा पानशेतचा, हा पक्का आहे.

आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्याआजी, नारायण पेठेत दिलेली. १९६१ च्या जुलैत अक्का तिच्याकडे आली होती, बरोबर काका आणि माझे वडील, आणि तिसरा पोटात. १२ जुलैला सकाळी पानशेत फुटलं, त्याच्या पाण्याने पुढे खडकवासला गेलं. धरण अजून पुरतं बांधून पण झालं नव्हतं, आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून रचून काही तास धरून ठेवलं नसतं तर पाणी अपरात्री झोपेत आलं असतं आणि मग ही सगळी मंडळी आणि पर्यायाने मी, कुणीच नसतो. वाड्यात ओरडा झाला पाणी आलं पाणी आलं. आत्याआजीने दागिन्यांचा डबा घेतला. शेजारच्यांनी देव घेतले. एकाने सायकल घेतली. अक्का तेव्हा स्वैपाकघरात कणीक मळत होती, तिने एका हाताने वडिलांचं बखोट धरलं, काकांना म्हणाली माझा पदर सोडायचा नाही, आणि कणकेची परात डोक्यावर घेऊन निघाली. सहा महिन्यांनी धाकटे काका झाले म्हणजे तिसरा महिना असेल. तशी ती गर्दीतून सदाशिव पेठेत वर आली. आत्याआजी रस्ताभर ओरडत होती वहिनी टाका ती परात, लोक हसतायत. संध्याकाळी ओळखीच्या एका घराच्या जिन्याखाली वीस-बावीस माणसं जमलेली, वीज नाही, नळाला पाणी नाही, दुकानं बंद. मग त्या घरच्या शेगडीवर अक्काने त्याच कणकेच्या पोळ्या केल्या, माणशी अर्धी, वर मीठ-तिखट आणि तेलाचा थेंब. माझे वडील तेव्हा पाच वर्षांचे, आज एकोणसत्तर, त्यांना पूर आठवत नाही, ती अर्धी पोळी आठवते. त्यांच्या मते ती जरा आंबलेली होती. अक्का म्हणायची काही आंबली नव्हती, तुझी जीभच तशी.

वाडा गेला, आत्याआजीचं बिऱ्हाड पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेलं. पण तिचा जन्मदाखला शाबूत आहे कारण तिचा जन्म तिच्या आजोळी पुण्यातच झालेला आणि नोंद तेव्हाच्या नगरपालिकेत (महापालिका १९५० ला झाली) होती, नंतर तिने पासपोर्टसाठी रीतसर नक्कल काढून घेतलेली. एप्रिल १९३४. आणि दोघींमधलं अंतर दोघींनाही पाठ, सव्वा वर्ष, कारण लग्नात उखाणा घेण्यावरून भांडण झालं होतं की वहिनी माझ्याहून मोठी किती तर फक्त सव्वा वर्षाने, मी का पाया पडू. एप्रिल १९३४ मधून सव्वा वर्ष मागे जा. जानेवारी १९३३. भोगी. बसलं की नाही?

माहेरच्या शाळेत जनरल रजिस्टर असेल म्हणून मी मागच्या रविवारी तिकडे पण जाऊन आलो. जुनी वही वाळवीने खाल्ली. असो.

आता शेवटचा पुरावा, आणि हा मला एकट्याला माहीत होता.

२०१० च्या जानेवारीअखेर घरच्यांनी तिचं सहस्रचंद्रदर्शन केलं, कागदाप्रमाणे एक्क्याऐंशी पूर्ण झाली म्हणून. कार्यालय घेतलं, दोनशे पान, ८१ पणत्यांनी ओवाळलं, गुळाची तुला केली. तराजूच्या पारड्यात बसलेली असताना मी शेजारी गुळाच्या ढेपा लावत होतो, तर वाकून माझ्या कानात म्हणाली, "सत्तेचाळीस कमी आहेत." मला वाटलं ढेपा. म्हटलं आणतो. म्हणाली, "ढेपा नाही रे, चंद्र. काकाला बोलू नको, त्याने खर्च केलाय."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण ही बाई कुठे बसतेय. त्या महिन्यानंतरच्या पौर्णिमेपासून तिने एका चहाच्या पत्र्याच्या डब्यात दर पौर्णिमेला एक चिंचोका टाकायला सुरवात केली. मी मधून मधून विचारायचो किती झाले, म्हणायची चाललेत. २०१३ च्या नोव्हेंबरात अचानक फोन, रविवार आहे ना, गाडी घेऊन ये. गेलो. संध्याकाळी मला घेऊन संगमेश्वराला गेली, कऱ्हेच्या संगमावर, त्रिपुरी पौर्णिमा होती, दिवे लागलेले. तिने वाती आणल्या होत्या त्या लावल्या, पायरीवर बसली, चंद्र वर येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली आज झाले बघ हजार. येताना स्टँडजवळ मला भजी खायला घातली आणि स्वतःच्या पैशाने घातली, कार्यालय नाही काही नाही, दोन प्लेट भजी आणि चहा. मी रात्री घरी येऊन मोजलं. फेब्रुवारी २०१० पासून त्या दिवसापर्यंत पौर्णिमा सत्तेचाळीस. आणि जानेवारी १९३३ धरलं तर त्या दिवशी तिला ऐंशी वर्षं दहा महिने, म्हणजे हजार पौर्णिमा बरोब्बर. चौथी पास बाई, कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं, दुधाचा हिशेब लिहिण्यापुरतं.

त्यानंतरही डबा चालूच ठेवला. का ते नाही सांगितलं. २०२० ला माउलींच्या पादुका एसटीने गेल्या, सासवडचा दोन रात्रींचा मुक्काम झाला नाही, आमच्या ओट्यावर दरवर्षी उतरणारी दिंडी आली नाही, त्या वर्षी ती बरीच गप्प होती पण चिंचोके पडत होते. २०२४ च्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरी मतदान आलं तर आधी म्हणाली खोट्या वयावर मी नाही करणार. तिला समजावलं की अक्का तुझं खरं पण एक्क्याण्णव आहे, तरी बसतेस. मग केलं. पुठ्ठ्याचा आडोसा लावला होता तरी आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, काकांना तर ओट्यावरून पण खाली.

तेराव्यानंतर डबा काढला. फेब्रुवारी २०१० पासून २०२५ च्या त्रिपुरीपर्यंत पौर्णिमा होतात १९५. डब्यात १९३ निघाले. मी, बायको आणि वडील असे तिघांनी तीनदा मोजले. दोनचा घोळ कळेना, मग आईच्या लक्षात आलं, २०१९ ला खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती दोन महिने पुण्यात हॉस्पिटलात आणि मग आमच्याकडे होती. आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमुळे चंद्र दिसत नाही. म्हणजे न बघितलेला तिने धरला नाही.

तर संपादक महाशय, विनंती एवढीच की दुरुस्ती छापावी. वय ९६ नव्हे, ९२. अल्पशा आजाराने हे शब्द काढावेत, त्याऐवजी काही नाही लिहिलं तरी चालेल. आणि यांच्या मातोश्री होत याच्या जागी "अंजिरवाल्या अक्का म्हणून सासवडमध्ये त्या परिचित होत्या" असं घालावं. काकांची परवानगी घेतली आहे, त्यांनी जरा तोंड वाकडं केलं पण दिली.

आपला,
एक नातू
कोथरूड, पुणे

ता. क. पतवंडं सात छापलीत तिथे आठ करावं. आठवं गेल्या सोमवारी झालं, मुलगी. अक्काने दिवाळीत फराळाचे डबे भरले तेव्हा पतवंडांचे आठ भरले होते, आम्हाला वाटलं चुकली.